वीज वाहणारी पाण्यातली शाई: पेडॉट-पीएसएस बाटलीपासून पट्टीपर्यंत

जुलै महिना होता. गोदेला पूर आलेला, नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. इकडे प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाची दोन मुलं पारदर्शक पॉलिस्टर फिल्मवर गर्द निळी शाई ओढत होती आणि शाई रॉडच्या मागोमाग गोळा होऊन थेंब थेंब होत होती. अळवावरचं पाणी म्हणतात ते अगदी असंच. मुलांनी शाईला दोष दिला. शाई मात्र चांगली होती. फिल्म धुऊन-पुसून तयार केलेली नव्हती, आणि आपण हातात धरलेली वस्तू जवळजवळ सगळी पाणीच आहे हे आमच्यापैकी कोणीच नीट मनात धरलं नव्हतं.

तेव्हापासून नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, या शाईत तीनच कामं आहेत. पाण्याला फिल्मवर बसवायचं, बसलेल्या पाण्याला नीट घालवायचं, आणि गेलेल्या पाण्याला परत येऊ द्यायचं नाही. खाली लिहिलेली प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी एका कामाची आहे.

शाईत असतं काय

पेडॉट हा प्लॅस्टिकच्याच कुळातला पदार्थ, पण त्याच्या साखळीतून वीज वाहते. प्लॅस्टिकमधून वीज वाहू शकते हे दाखवणाऱ्या अ‍ॅलन हीगर, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं मूळ काम १९७७ चं, पॉलिअ‍ॅसिटिलीनवरचं. ते पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही. पेडॉट टिकतो. जर्मनीच्या बायर कंपनीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो तयार झाला. अडचण एकच होती, तो कशातच विरघळत नाही. मग पॉलिस्टायरीन सल्फोनिक आम्ल, म्हणजे पीएसएस, या दुसऱ्या पॉलिमरच्या पाण्यातल्या द्रावणात पेडॉट बनवायची युक्ती निघाली. पीएसएस पेडॉटच्या कणांना पाण्यात तरंगत ठेवतो आणि पेडॉटवरच्या धन भाराला जोडीचा ऋण भारही पुरवतो. म्हणून तो नुसता धरून ठेवणारा नोकर नाही, त्याच्यावाचून वीजही वाहत नाही. मात्र तो स्वतः वीज वाहत नाही आणि पाणी ओढून घेतो. या शाईचे निम्मे त्रास इथूनच सुरू होतात.

या पॉलिमरचं पहिलं मोठं काम फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साठू नये म्हणून लेप देण्याचं होतं. दादासाहेब फाळके छपाईच्या धंद्यातून सिनेमात आले आणि १९१८ मध्ये त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी आपल्या नाशिकात उभी राहिली. फिल्म आणि छपाई या दोन्ही वाटा जिथे एकत्र आल्या त्या गावात या शाईवर काम करताना मला मनापासून आनंद होतो.

बाटली विकत घेताना ग्रेड पाहून घ्या, इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया. जास्त वीज वाहणाऱ्या ग्रेडमध्ये, उदाहरणार्थ क्लेव्हिऑस ब्रँडची पीएच १०००, पेडॉट आणि पीएसएसचं वजनी प्रमाण १ ला २.५ असतं. एआय ४०८३ या ग्रेडमध्ये ते १ ला ६ असतं. ती सौरघट आणि सेंद्रिय एलईडीच्या मधल्या पातळ थरासाठी बनवलेली आहे आणि मुद्दाम कमी वीज वाहते. दोन्ही दिसायला सारख्याच निळ्या. तारेसारखी पट्टी छापायची तर पहिलीच घ्या. तिच्यात घन पदार्थ १ ते १.३ टक्के, बाकी पाणी.

बाटली सांभाळणं

फ्रीजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी घाईघाईत मी बाटली फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. परत आलो तर आत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. कितीही ढवळलं तरी त्या फुटल्या नाहीत. गोठलं की कण एकमेकांना कायमचे चिकटतात. पूर्ण बाटली टाकून द्यावी लागली आणि दोन मुलांचा प्रकल्प महिनाभर लांबला. आता आमची बाटली फ्रीजच्या दारात असते आणि शेजारी साधा थर्मामीटर. खाण्याचे पदार्थ असलेल्या फ्रीजमध्ये ती ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

शाईचा पीएच २ च्या आसपास असतो, म्हणजे चांगलीच आम्लधर्मी. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. उरलेली शाई बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

शाई तयार करणं

लागणाऱ्या वस्तू थोड्याच: सिरिंज, ०.४५ मायक्रॉनचे पीव्हीडीएफ किंवा पीईएस सिरिंज फिल्टर, छोटा मॅग्नेटिक स्टरर, काचेच्या बाटल्या, डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) किंवा इथिलीन ग्लायकॉल, ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखा पदार्थ) आणि शुद्ध पाणी.

पाण्याबद्दल एक शब्द. नाशिकचं नळाचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, प्यायला उत्तम, पण शाईला चालत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पीएसएसच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि शाई जेलीसारखी होते. बोअरचं पाणी तर त्याहून जड. बॅटरीच्या दुकानातलं पाणी वापरायचं असेल तर आधी टीडीएस पेन बुडवून बघा. आकडा एक-दोनच्या वर गेला तर ते बाजूला ठेवा.

बाटली बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, साधारण अर्धा तास. मग हळूहळू फिरवा. हलवू नका, फेस होतो, आणि एकदा झालेला फेस तासभर बसत नाही. त्यातले बुडबुडे फिल्मवर गोल भोकं पाडतात. १० मिली शाई सिरिंजमध्ये घेऊन फिल्टरमधून ढकला. पहिले चार-पाच थेंब टाकून द्या. ढकलायला खूप जोर लागत असेल तर जोर लावू नका, फिल्टर बदला. प्रत्येक बाटलीला दोन-तीन फिल्टर जुनी शाई असली की लागतातच.

स्टरर मंद गतीने चालू ठेवून त्यात अर्धा मिली डीएमएसओ थेंब थेंब घाला. या अर्ध्या मिलीवर सगळा खेळ आहे. मूळ शाई वाळवली तर तिची वाहकता प्रति सेंटीमीटर एक सीमेन्सच्याही खाली राहते. डीएमएसओ किंवा इथिलीन ग्लायकॉल पाच टक्के घातलं की ती शेकड्यात जाते. मूळ थरात पेडॉटचे कण पीएसएसच्या सालीत गुंडाळलेले असतात. पाणी गेल्यावरही हे सावकाश उडणारे द्रव थोडा वेळ मागे राहतात, त्या वेळात पीएसएस बाजूला सरतो, पेडॉटच्या आखडलेल्या साखळ्या सरळ होतात आणि एकमेकींना भिडतात. डीएमएसओ हाताळताना काळजी घ्या, तो कातडीतून सहज आत जातो आणि सोबत दुसरं काही असलं तर तेही नेतो. इथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं तर विष आहे, त्यावर नाव लिहून ठेवा.

आता ट्रायटन. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, त्यामुळे ते फिल्मवर पसरण्याऐवजी आपल्यातच आवळून राहतं. ट्रायटन तो ताण उतरवतो. हा मधासारखा घट्ट असल्याने थेट मोजता येत नाही. १ ग्रॅम ट्रायटन पाण्यात घालून एकूण १० मिली करा, आणि त्यातला ०.१ मिली शाईत टाका, म्हणजे शाईत ०.१ टक्का होतो. जास्त घालायचा मोह टाळा. तो उडून जात नाही, थरातच राहतो. पुन्हा अर्धा तास मंद ढवळा आणि झाकून दहा मिनिटं ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या.

पट्टी पुढे पाण्यात किंवा दवात राहणार असेल तर आणखी एक पदार्थ लागतो, ग्लायसिडॉक्सी-प्रोपिल-ट्रायमेथॉक्सी-सिलेन. प्रयोगशाळेत सगळे त्याला गॉप्स म्हणतात. वाळलेली पेडॉटची पट्टी नुसती पाण्यात ठेवली तर फुगते आणि सुटून येते. गॉप्स पीएसएसच्या साखळ्यांना एकमेकींशी आणि खालच्या पृष्ठभागाशी बांधतो. प्रमाण एक टक्का, म्हणजे १० मिलीला ०.१ मिली. तो अगदी शेवटी घाला आणि शाई त्याच दिवशी वापरा, कारण बांधणी बाटलीतच सुरू होते. डोळ्यांना फार घातक आहे, चष्मा काढू नका. त्याने वाहकता थोडी उतरते. पाण्यात टिकायची ती किंमत आहे.

फिल्म तयार करणं

सातपूरला, नाशिकच्या औद्योगिक भागात, एक काका तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंग करतात. मशीनच्या पाट्या, डायल, लेबलं. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा फिल्म घेऊन गेलो तेव्हा त्यांनी शाईकडे बघितलंही नाही. फिल्म उचलली, तोंडाजवळ धरली आणि हाऽ केलं. फिल्मवर वाफेचे डाग डाग उठले, मध्ये एका अंगठ्याचा पूर्ण ठसा. “सर, हे आधी पुसा,” ते म्हणाले, “वाफ सगळीकडे सारखी बसली की मग शाई आणा.” ही चाचणी फुकट आहे, दोन सेकंदांत होते आणि मी ती आजही प्रत्येक तुकड्यावर करतो.

भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्याने फिल्म बोटांनी हलके चोळून धुवा, शुद्ध पाण्याने खळखळून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि उभी करून वाळवा. कापड लिंट सोडणारं नको. फिल्मने पाणी धरावं म्हणून कॉलेजात यूव्ही-ओझोन यंत्र असेल तर दहा-पंधरा मिनिटं, ऑक्सिजन प्लाझ्मा असेल तर एक-दोन मिनिटं पुरे. यंत्र नसेल तर शाईत दहा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून निभावतं, फक्त अगदी सावकाश थेंब थेंब घाला, नाहीतर गुठळ्या धरतात. यंत्रातून काढलेली फिल्म तासाभरात वापरा. पॉलिस्टरचा पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकायला लागतो. आदल्या दिवशी प्लाझ्मा करून कपाटात ठेवलेल्या फिल्मचा फायदा बराच उतरलेला असतो.

इंकजेट प्रिंटरची ओएचपी शीट मिळाली तर तिच्या एका बाजूला शोषक थर असतो. त्यावर शाई पटकन बसते, पण आत मुरते, आणि मग जाडीचा कोणताही हिशेब लागत नाही. शिकताना साधी फिल्मच वापरा.

ओढणं

सुरुवातीला तार गुंडाळलेल्या रॉडनेच शिका. दहा नंबरच्या रॉडने ओला थर साधारण २५ मायक्रॉन बसतो. शाईत घन पदार्थ एक टक्का, तेव्हा वाळल्यावर उरतो साधारण पाव मायक्रॉन, म्हणजे २५० नॅनोमीटर. रॉड नसेल तर काचेवर फिल्म पसरा, दोन्ही कडांना सेलोटेपची एक-एक पट्टी लावा आणि काचेची कांडी त्या दोन पट्ट्यांवर टेकवून ओढा. ओला थर टेपच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास येतो.

कांडीपुढे शाईची एक ओळ टाका आणि एका दमात, एकाच वेगाने, न थांबता ओढा. मध्येच थांबलात तर तिथे आडवी रेघ उमटते आणि ती रेघ मोजमापातही दिसते. परत मागे आणू नका.

स्क्रीनने नक्षी छापायची असेल तर ही पातळ शाई चालत नाही, जाळीतून गळते. त्यासाठी घट्ट केलेली तयार पेस्ट मिळते, ती घ्या. घरी आटवून घट्ट करण्याच्या फंदात पडू नका, कडेला साय धरते आणि सगळी शाई दाणेदार होते. जाळीचं इमल्शन, म्हणजे नक्षी धरणारा जाळीवरचा लेप, पाण्याच्या शाईला टिकणारं मागा. बाजारात पीव्हीसी आणि सॉल्व्हंट शाईचंच काम जास्त असल्याने दुकानदार सवयीने त्याचं इमल्शन देतात, आणि ते या शाईत दहा-बारा प्रतींतच सुटायला लागतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या कोरड्या हवेत शाई जाळीतच वाळते. दोन प्रतींमध्ये स्क्रीन मोकळी ठेवू नका, शाई पसरून झाकून ठेवा. सकाळी लवकर छापणं सगळ्यांत सोयीचं.

इंकजेटची वाट मोहक आहे, पण महाग. पिझो हेडच (विजेच्या इशाऱ्याने थेंब ढकलणारा) लागतो, आणि औद्योगिक हेडला १० सेंटिपॉइजच्या आसपास घट्टपणाची, पातळ केलेली शाई हवी असते. फिल्टर न केलेला एक घोट हेड कायमचा बंद करतो. रॉडवर हात बसल्याशिवाय तिकडे वळू नका.

वाळवणं

इथे घाई सगळ्यांत जास्त नुकसान करते. ओली फिल्म थेट १२० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवली तर कडा आधी वाळतात, मधली शाई कडेकडे ओढली जाते आणि चहाच्या कपाखाली उमटतो तसा गडद काठ तयार होतो. मध्ये थर पातळ, काठाला जाड. म्हणून आधी ५० ते ६० अंशांवर दहा मिनिटं. थर ओला चमकायचा थांबून एकसारखा फिकट निळा दिसायला लागला की मग १२० अंशांवर वीस मिनिटं, गॉप्स घातलेला असेल तर तासभर. डीएमएसओ १८९ अंशांना उकळतो, त्यामुळे तो उकळून जाणार नाही, पण इतक्या पातळ थरातून १२० ला सावकाश उडून जातो.

पॉलिस्टर ७५ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, म्हणून चारही कडा उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने काचेवर घट्ट चिकटवा. नाहीतर फिल्म वळते आणि थराला भेगा पडतात. हॉटप्लेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या जुन्या प्लेटवर मध्यभाग आणि कोपरा यांत पंधरा अंशांचा फरक होता, आणि एका बॅचच्या निम्म्या पट्ट्या का वाईट येतात हे त्याआधी आम्हाला कळतच नव्हतं.

मोजणं

पट्टीच्या दोन टोकांना मल्टिमीटरचे पिन टेकवून आलेला आकडा फसवा असतो. टोकदार पिन थर खरवडतात आणि जोडणीचा रेझिस्टन्स त्यात मिसळतो. शाई आम्लधर्मी असल्याने अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा तांब्याची टेप थेट लावू नका, ती खराब होते. आधी कार्बन पेस्टचा ठिपका, वाळल्यावर त्यावर टेप.

बरोबर एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी कापा आणि कार्बनच्या आडव्या रेघा एकेक सेंटीमीटर अंतरावर मारा. पहिल्या रेघेपासून पुढच्या चार रेघांपर्यंतचा रेझिस्टन्स घ्या. समजा आकडे १९०, ३३०, ४७० आणि ६१० ओहम आले. प्रत्येक सेंटीमीटरला १४० ची भर पडते, तो झाला शीट रेझिस्टन्स, म्हणजे थराच्या एका चौरसाचा रेझिस्टन्स, १४० ओहम प्रति चौरस. पहिल्या १९० मधून १४० वजा केले की उरतात ५०, ती दोन जोडण्यांची किंमत. आता जाडी २५० नॅनोमीटर धरली तर वाहकता म्हणजे १ भागिले (शीट रेझिस्टन्स गुणिले जाडी). मीटरमधली शून्यं मोजताना मुलं नेमकी इथेच चुकतात. सेंटीमीटरमध्येच हिशेब करा: ०.००००२५ सेंटीमीटर. १४० ने गुणलं की ०.००३५, आणि त्याचा व्यस्त साधारण २८६ सीमेन्स प्रति सेंटीमीटर. रॉडने ओढलेल्या थराला हा आकडा चांगला आहे. शंभराच्या खाली आला तर डीएमएसओ घालायचा राहिला का ते आधी बघा, मग वाळवण.

चार पिनांचा प्रोब असेल तर काम सोपं. बाहेरच्या दोन पिनांतून करंट, आतल्या दोन पिनांवर व्होल्टेज, आणि दोहोंच्या भागाकाराला ४.५३ ने गुणा. पट्टी प्रोबपेक्षा बरीच मोठी हवी, नाहीतर हा गुणक लागू पडत नाही.

पावसाळा आणि द्राक्षाचं पान

जून ते सप्टेंबर पट्ट्या उघड्या ठेवू नका. पीएसएस हवेतली ओल ओढतो, थर फुगतो आणि आज मोजलेला आकडा उद्या जुळत नाही. भाजून झाल्या झाल्या सिलिका जेलच्या डब्यात टाका. कायमच्या वापरासाठी झेरॉक्सच्या दुकानात करतात तसं लॅमिनेशन पुरतं, फक्त टोकं आधी बाहेर काढून घ्या.

आमच्या मुलांना सगळ्यांत आवडलेलं काम द्राक्षबागेसाठीचं आहे. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, पाऊस किंवा दव पडून पान तासन् तास ओलं राहिलं की डावणी हा बुरशीचा रोग येतो, आणि पान किती वेळ ओलं होतं हे कळलं तर औषधाची फवारणी नेमकी करता येते. गॉप्स घातलेल्या पेस्टने फिल्मवर एकमेकींत घुसलेले दोन कंगवे छापा, दातांमध्ये एक मिलिमीटर अंतर ठेवा. कोरडं असताना दोन कंगव्यांमध्ये काहीच वाहत नाही, दवाचा थेंब दोन दातांवर बसला की वाहायला लागतं. इथे बॅटरी सरळ जोडू नका. एकाच दिशेचा करंट पाण्यातून जात राहिला की एका कंगव्यातल्या पेडॉटचा धन भार हळूहळू निघून जातो, रंग गडद निळा होतो आणि तो वीज वाहायचा थांबतो. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डचे दोन पिन घ्या, एक वर असताना दुसरा खाली आणि लगेच उलट, असं मिलिसेकंदाला बदलत राहा आणि मोजून झालं की दोन्ही बंद करा.

बागेत लावण्याआधी प्रत्येक कंगवा रात्रभर शुद्ध पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवा. सकाळी वाटी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पाणी स्वच्छ असेल आणि कंगव्याचा रेझिस्टन्स वाळवल्यावर जवळपास पहिल्याइतकाच आला तर तो शेतावर न्या. पाण्याला निळसर झाक आली असेल तर बांधणी पुरी झालेली नाही, त्या बॅचच्या उरलेल्या पट्ट्या पुन्हा १२० अंशांवर तासभर ठेवा.